धनको, सावत्र मुलगी आणि सहा भावंडं: वॉशिंग्टन घराण्याचं मूळ गाव कसं सापडलं

जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना, १७९१ च्या डिसेंबरात, लंडनहून त्यांना एक पत्र लिहिलं गेलं. लिहिणारे होते सर आयझॅक हर्ड, इंग्लंडमधल्या घराण्यांची कुलचिन्हं आणि वंशावळी सांभाळणाऱ्या कचेरीचे प्रमुख. तुमचं घराणं मूळचं कुठलं, एवढीच विचारणा. वॉशिंग्टननी मे १७९२ मध्ये उत्तर दिलं. आयुष्य धावपळीत गेलं, या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, असं त्यांनी मोकळेपणाने कळवलं. घरात ऐकलेलं तेवढं सांगितलं: पणजोबा जॉन आणि त्यांचे भाऊ लॉरेन्स हे १६५७ च्या सुमारास उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा परगण्यातून व्हर्जिनियात आले. लँकशर, यॉर्कशर की आणखी वरचा, ते नक्की आठवत नाही.

या प्रश्नाचं धड उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. वंशावळीचं काम करणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा तरी नीट वाचावं असं मला वाटतं. चूक कुठे होते, बरोबर माणूस चुकीच्या जागी कसा बसतो आणि शेवटी कुठला कागद कामाला येतो, हे सगळं यात एका ठिकाणी बघायला मिळतं.

पहिली जोडणी: नावं जुळली म्हणून

हर्डनी सरळ मार्ग धरला. नॉर्दॅम्प्टनशरमध्ये सल्ग्रेव्ह नावाचं गाव आहे. तिथल्या वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ त्यांच्या कचेरीत होती. मूळ पुरुष लॉरेन्स, दोनदा नॉर्दॅम्प्टनचा महापौर झालेला. त्याने १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची मठाची जमीन राजाकडून विकत घेतली होती. त्याचा नातू, तोही लॉरेन्स, १६१६ मध्ये वारला आणि ब्रिंग्टनच्या चर्चमध्ये पुरला गेला. थडग्यावरच्या फरशीत आठ मुलगे आणि नऊ मुली असल्याचं कोरलेलं आहे. त्या मुलग्यांत एक जॉन होता, एक लॉरेन्स. व्हर्जिनियातही जॉन आणि लॉरेन्स. कुलचिन्हही तेच, दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. (वॉशिंग्टन शहराच्या झेंड्यावर आज दिसतं ते हेच.) हर्डनी दोन टोकं बांधली आणि हीच वंशावळ पुढे चरित्रकार उतरवून घेत राहिले.

ती मोडली कर्नल जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी, १८६६ मध्ये. हे मूळचे कनेटिकटचे. लंडनमध्ये राहून इंग्लंडमधल्या चर्चच्या वह्या उतरवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांनी सल्ग्रेव्हच्या त्या दोन भावांचा पुरता माग काढला. जॉन पुढे नाइट झाला होता, थ्रॅपस्टनचे सर जॉन वॉशिंग्टन. ते इंग्लंड सोडून कुठेही गेले नाहीत. १६६८ मध्ये थ्रॅपस्टनलाच वारले. व्हर्जिनियातल्या जॉनला एकाही कागदात ‘सर’ म्हटलेलं नाही, आणि त्या काळी ‘सर’ लावायचं कुणी विसरणं शक्य नव्हतं. दुसरा भाऊ लॉरेन्स ऑक्सफर्डला शिकून पाद्री झालेला. १६५७ ला तो पन्नाशी ओलांडलेला असता. व्हर्जिनियात उतरलेले दोघं मात्र तरणेबांड, पुढे लग्नं करून मुलंबाळं झालेले.

चेस्टर यांचा निकाल बिनतोड होता. हर्डची वंशावळ बाद झाली. पण बाद करताना चेस्टर यांनी त्या पाद्री लॉरेन्सलाही यादीतून काढून टाकलं, आणि नेमका तोच हवा होता. फक्त एक पिढी वर. हे कळायला आणखी तेवीस वर्षं लागली.

व्हर्जिनियाचं टोक

वंशावळीत माहीत असलेल्या माणसापासून मागे जायचं असतं. हर्ड वरून खाली आले, प्रसिद्ध घराण्यापासून प्रसिद्ध माणसापर्यंत, आणि फसले. तेव्हा आधी व्हर्जिनियातल्या दोन भावांबद्दल तिथलेच कागद काय सांगतात ते पाहू.

जॉन आला तो ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ या छोट्या व्यापारी जहाजावरचा अधिकारी म्हणून. १६५७ च्या आरंभी हे जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. जहाजाचा मालक एडवर्ड प्रेस्कॉट आणि जॉन यांच्यात हिशेबावरून वाजलं. भांडण कोर्टात गेलं तेव्हा तिथला जमीनदार नॅथॅनिएल पोप जॉनच्या बाजूने उभा राहिला आणि प्रेस्कॉटची भरपाई बीव्हरच्या कातड्यांत करायची तयारी दाखवली. पुढे पोपची मुलगी ॲन हिच्याशी जॉनचं लग्न झालं.

लग्नाची नोंद कुठे आहे? नाही. त्या भागातल्या चर्चच्या तेव्हाच्या वह्या उरलेल्याच नाहीत. लग्न कळतं ते दोन भलत्याच कागदांवरून. एक म्हणजे सासऱ्याने मुलीला दिलेल्या ७०० एकर जमिनीचं खत. दुसरा जास्त मजेदार आहे. प्रेस्कॉटच्या जहाजावर एलिझाबेथ रिचर्डसन नावाच्या बाईला चेटकीण ठरवून फासावर दिलं होतं, अशी फिर्याद जॉननेच मेरीलंडच्या कोर्टात केली होती. ऑक्टोबर १६५९ मध्ये खटला उभा राहिला आणि फिर्यादी मात्र गैरहजर. त्याने ३० सप्टेंबरला पत्र पाठवलं होतं, की त्याच सुमारास आपल्या लहान मुलाचा बाप्तिस्मा ठरलाय, पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत, सबब येणं जमणार नाही. साक्षीदारच नाही म्हटल्यावर प्रेस्कॉट सुटला. त्या बाईला न्याय मिळाला नाही, वंशावळकारांना मात्र जॉर्ज वॉशिंग्टनच्या आजोबांच्या जन्माचा महिना मिळाला. कागद कुणासाठी लिहिला जातो आणि कुणाच्या कामी येतो, याला काही धरबंध नाही.

आता दोन्ही भावांची मृत्युपत्रं. दोन्ही १६७५ च्या सप्टेंबरातली, अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने केलेली. जॉनचं २१ तारखेचं. त्यात जमीनजुमल्याच्या वाटण्या आहेत, आपल्या परगण्यातल्या चर्चला दहा आज्ञा आणि राजचिन्ह यांचे फलक द्यायची तजवीज आहे, आणि मध्येच एक ओळ आहे: बहीण मार्था वॉशिंग्टन हिला माझ्या इंग्लंडमधल्या पैशांतून दहा पौंड, शिवाय तिच्या इकडे येण्याच्या खर्चापोटी ती मला जे देणं लागेल ते माफ, आल्यावर वर्षभर राहण्याखाण्याची सोय, आणि चार हजार पौंड वजनाचा तंबाखू.

या एका ओळीत तीन गोष्टी हाती लागतात. जॉनला मार्था नावाची बहीण आहे. ती १६७५ मध्येही वॉशिंग्टन हेच आडनाव लावते, म्हणजे बिनलग्नाची आहे. आणि जॉनचे पैसे अजून इंग्लंडमध्ये आहेत, म्हणजे तिकडची नाळ तुटलेली नाही.

लॉरेन्सचं मृत्युपत्र २७ सप्टेंबरचं. त्यात मुलगी मेरी हिला ‘इंग्लंडमधली माझी सगळी मिळकत’ दिलेली आहे. बायको आणि बाकीची मुलं व्हर्जिनियात असताना इंग्लंडची मिळकत एकट्या मेरीला का? ती आधीच्या बायकोची मुलगी असावी आणि मिळकत त्या बाजूची असावी, हा अंदाज कुठलाही दिवाणी वकील बसल्या जागी बांधेल.

शोधायचं काय ते आता ठरलं. जॉन, लॉरेन्स आणि मार्था अशी भावंडं असलेलं वॉशिंग्टन कुटुंब. त्यातला लॉरेन्स इंग्लंडमध्ये एकदा लग्न झालेला आणि मेरी नावाची मुलगी असलेला. नुसत्या ‘जॉन आणि लॉरेन्स’पेक्षा ही खूण कितीतरी पक्की.

लंडनमधली एक ओळ

हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स हे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे. न्यू इंग्लंडच्या वंशावळ संस्थेने त्यांना १८८३ मध्ये लंडनला पाठवलं, काम एकच: सॉमरसेट हाउसमध्ये ठेवलेली जुनी मृत्युपत्रं वाचायची आणि अमेरिकेचा उल्लेख दिसला की टिपून घ्यायचा. कुठलंही एक घराणं डोक्यात धरून ते बसले नव्हते, आणि याचाच फायदा झाला. हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचं नाव आहे त्या जॉन हार्वर्डचं कुटुंब त्यांनी याच पद्धतीने शोधून काढलं होतं.

ही मृत्युपत्रं कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयातली. १८५८ पर्यंत इंग्लंडमध्ये वारसाहक्काचं काम धर्मन्यायालयांकडे होतं, आणि परदेशात मेलेल्या माणसाची मिळकत इंग्लंडमध्ये असली की प्रकरण या वरच्या न्यायालयात यायचं. व्हर्जिनियात मेलेले तंबाखूवाले तिथे आहेत, तसे सुरतेत आणि मुंबईत मेलेले ईस्ट इंडिया कंपनीचे नोकरही आहेत. ज्यांना मुंबईच्या जुन्या इंग्रज रहिवाशांचा माग काढायचाय त्यांनाही शेवटी याच चोपड्यांकडे जावं लागतं.

मृत्युपत्रं सगळेच वाचतात. त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या चोपड्या असतात, ज्यांत मृत्युपत्र नसताना किंवा ते पुढे आलं नसताना मिळकतीची व्यवस्था कुणाकडे सोपवली याच्या दोन-तीन ओळींच्या नोंदी असतात. आपले वकील ज्याला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात ते. कंटाळवाणं काम. बहुतेक वर्षांच्या नोंदी लॅटिनमध्ये, ठरावीक साच्यातल्या. मे १६७७ च्या नोंदींत वॉटर्सना हे मिळालं: बेडफर्ड परगण्यातल्या लुटनचा, पण व्हर्जिनियात मरण पावलेला लॉरेन्स वॉशिंग्टन, याच्या मालमत्तेची व्यवस्था एडमंड जोन्स या मुख्य धनकोकडे दिली आहे.

घराण्याच्या प्रतिष्ठेपायी काढलेल्या सगळ्या वंशावळी एकीकडे आणि पैसे बुडू नयेत म्हणून कोर्टात धावलेल्या एका धनकोची ही ओळ एकीकडे. हर्डना उत्तरेत शोधावं लागलं असतं, चेस्टरना कुठे शोधावं ते कळलं नव्हतं. जोन्सने गावाचं नाव देऊन टाकलं.

लुटनच्या चर्चची वही उघडल्यावर २६ जून १६६० ला लॉरेन्स वॉशिंग्टन आणि मेरी जोन्स यांचं लग्न सापडतं. धनकोचं आडनाव जोन्स होतं, हे इथे लक्षात येतं. याच वहीत १६६३ मध्ये मेरी या त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. ‘इंग्लंडमधली सगळी मिळकत’ जिला मिळाली ती हीच. मृत्युपत्राने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लग्नाच्या नोंदीने दिलं.

ट्रिंग

लुटनहून फार लांब नाही, शेजारच्या हर्टफर्डशरमध्ये ट्रिंग आहे. तिथल्या चर्चच्या वहीत एका लॉरेन्स वॉशिंग्टनच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे आहेत: लॉरेन्स, २३ जून १६३५, एलिझाबेथ, १७ ऑगस्ट १६३६, विल्यम, १४ ऑक्टोबर १६४१. यात जॉन नाही, मार्था नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर हे कुटुंब बाजूला पडलं असतं.

ती जागा भरून काढली अँड्र्यू नोलिंग या ट्रिंगच्या रहिवाशाच्या मृत्युपत्राने, जानेवारी १६५० चं. नोलिंगने आपली जमीन आपला धर्मपुत्र (बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याचं पालकत्व घेतलं तो) ‘धाकटा लॉरेन्स वॉशिंग्टन’ याला दिली. त्याची आई ॲम्फिलिस वॉशिंग्टन हिला पैसे दिले, आणि तिच्या बाकीच्या मुलांनाही, प्रत्येकाचं नाव घेऊन: जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था.

नोलिंगने ॲम्फिलिसला ‘सून’ म्हटलंय. आजच्या अर्थाने घेतलं तर तिचा नवरा नोलिंगचा मुलगा ठरतो, आणि तसं असतं तर त्याचं आडनाव वॉशिंग्टन कसं? त्या काळच्या मृत्युपत्रांत तो शब्द सावत्र मुलीलाही लावत. नोलिंगने तिच्या आईशी लग्न केलं होतं. स्वतःचं मूल नसलेला म्हातारा सावत्र मुलीच्या पोरांना सगळं देऊन जातो आणि ते करताना सहाही भावंडांची यादी कायमची लिहून ठेवतो. वंशावळकाराला यापेक्षा जास्त काय हवं?

पुढचा कागद ८ फेब्रुवारी १६५६ चा. ट्रिंगची मयत ॲम्फिलिस वॉशिंग्टन हिच्या मालमत्तेची व्यवस्था तिचा मुलगा जॉन वॉशिंग्टन याच्याकडे दिली. एका गरीब विधवेचं प्रकरण लंडनला कसं आलं? राजाला हटवून आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत १६५३ पासून काही वर्षं गावोगावची धर्मन्यायालयं बंद होती आणि सगळ्या इंग्लंडचं हे काम एकट्या लंडनमध्ये चालत होतं. तेवढ्याच काळात ॲम्फिलिस वारली, म्हणून तिचं नाव या चोपड्यांत राहिलं. आणि बरोबर वर्षभराने, १६५७ च्या आरंभी, जॉन पोटोमॅकमध्ये रुतलेल्या जहाजावर दिसतो. आई गेली, मागचं आवरलं, धाकट्या भावाला जमीन मिळालेली, आपल्याला रोकड. मोठा भाऊ समुद्रावर गेला.

इथे तारखांबद्दल सांगायला हवं, कारण या टप्प्यावर पुष्कळांचा गोंधळ होतो. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं, आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला बदलतं तसं. त्यामुळे मूळ कागदावर फेब्रुवारी १६५५ असेल तर आपल्या हिशेबाने ते १६५६. ॲम्फिलिसचं दफन ट्रिंगच्या वहीत जानेवारी १६५४ चं आहे, म्हणजे आपलं १६५५. तिच्या मृत्यूनंतर वर्षाने व्यवस्था झाली. हे न बघता तारखा मांडल्या तर मार्चच्या आधीच्या सगळ्या नोंदी वर्षभर मागे सरकतात. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म घरातल्या बायबलमध्ये ११ फेब्रुवारी १७३१/२ असा, दोन्ही वर्षं जोडून लिहिलेला आहे. आज तो २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून साजरा होतो.

व्हर्जिनियाच्या बाजूनेही जोड पक्की होते. जॉनने जिला तंबाखू देऊ केला ती बहीण मार्था खरोखरच आली, तिथे लग्न करून मार्था हेवर्ड झाली आणि १६९७ मध्ये स्टॅफर्ड परगण्यात मृत्युपत्र करून वारली. त्यात तिने इंग्लंडमधल्या दोन बहिणींची आठवण ठेवली आहे: सगळ्यांत थोरली एलिझाबेथ रम्बोल्ड आणि दुसरी मार्गारेट टॅलबट. नोलिंगच्या यादीतल्या तीन मुली एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. वयाचा क्रमही तोच. सतराव्या शतकात जॉन आणि लॉरेन्स नावांचे वॉशिंग्टन इंग्लंडमध्ये बरेच होते, पण जॉन, लॉरेन्स, एलिझाबेथ, मार्गारेट आणि मार्था ही पाच भावंडं एकत्र असलेलं दुसरं घर कुणी दाखवू शकलेलं नाही.

बाप कोण

राहता राहिला ॲम्फिलिसचा नवरा. ट्रिंगच्या परिसरातल्या धर्मन्यायालयाच्या कामकाजात एक ‘लॉरेन्स वॉशिंग्टन, एम.ए.’ दिसतो. एम.ए. झालेले लॉरेन्स वॉशिंग्टन त्या काळी काही पोत्याने नव्हते. सल्ग्रेव्हच्या लॉरेन्सचा मुलगा ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो (कॉलेजचा वेतनी विद्वान सदस्य) होता, मग एसेक्समधल्या पर्लीचा पाद्री झाला. चेस्टर यांनी यादीतून काढलेला तो हाच.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, १६४३ मध्ये, पार्लमेंटने त्याला पर्लीहून हाकललं. राजाच्या बाजूच्या पाद्र्यांना बदनाम करणारी एक पुस्तिका तेव्हा छापली गेली, तिच्यात हा रोज दारूच्या गुत्त्यात बसतो आणि दुसऱ्यांनाही बसवतो असं लिहिलंय. त्याला ओळखणाऱ्या एका राजनिष्ठ न्यायाधीशाने पुढे उलट साक्ष दिली, की माणूस सभ्य आणि धर्मनिष्ठ होता. खरं काय ते आता कोण सांगणार. राजकीय वादातल्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे मात्र खरं. नंतर त्याला लिटल ब्रॅक्स्टेड हे अगदी फुटकळ उत्पन्नाचं चर्च मिळालं. जानेवारी १६५३ मध्ये तो मॉल्डनला पुरला गेला. बायकामुलं ट्रिंगला नोलिंगच्या आसऱ्याने होती. ही मुलं व्हर्जिनियाला का गेली, याचं कारण या दोन ओळींत आहे. चेस्टर यांनी पाद्र्याचं वय मोजलं ते बरोबरच होतं. त्याची मुलं मोजायची राहिली.

वॉटर्सनी हे सगळं ऑक्टोबर १८८९ मध्ये प्रसिद्ध केलं. हर्डचं सल्ग्रेव्ह शेवटी खरं ठरलं, पण अंदाज खरा निघाला म्हणून त्याला पुरावा म्हणता येत नाही. १७९२ मध्ये हर्डकडे सल्ग्रेव्ह म्हणायला जेवढा आधार होता तेवढ्याच आधारावर दुसरं एखादं गाव म्हणता आलं असतं.

या सगळ्या शोधात एक गोष्ट सारखी बोचते. मृत्युपत्र हा मिळकतीचा कागद, आणि व्हर्जिनियात मिळकतीत माणसंही होती. १७४३ मध्ये जॉर्जचे वडील ऑगस्टिन यांनी मृत्युपत्राने अकरा वर्षांच्या मुलाला शेत दिलं आणि दहा गुलाम दिले. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला जातं, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम, असं ठरलं होतं. त्यामुळे अशा याद्यांत आईचं आणि मुलांचं नाव शेजारी शेजारी येतं, बापाचं सहसा येत नाही. त्यांची लग्नं कायद्याने लग्नंच नव्हती, तेव्हा लग्नाच्या वह्यांत त्यांना शोधून उपयोग नाही. ज्यांचे पूर्वज त्या याद्यांत आहेत त्यांना आपली वंशावळ मालकाच्या मृत्युपत्रातून आणि त्याच्या मालमत्तेच्या मोजदादीतून काढावी लागते. कागद तोच, पण एका घराण्याची नाती त्यात सांगितलेली आहेत आणि दुसऱ्यांची किमतीच्या रकान्याशेजारी चुकून राहून गेलेली.

वॉटर्सनंतरही दोन गाठी राहिल्या होत्या. त्यातली एक विसाव्या शतकात सुटली: ॲम्फिलिसचं माहेर. नाव दुर्मीळ होतं हे नशीब. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या स्प्रॅटनच्या चर्चच्या वहीत जॉन ट्विग्डेनच्या मुलीचा, ॲम्फिलिसचा बाप्तिस्मा मिळाला, फेब्रुवारी १६०२ चा. मेरी किंवा ॲन असती तर कुणालाच खात्री देता आली नसती. दुसरी गाठ अजून तशीच आहे: ॲम्फिलिस आणि लॉरेन्सचं लग्न कुठल्याही वहीत नाही, आणि थोरल्या जॉनचा बाप्तिस्माही नाही. ऑक्सफर्डच्या फेलोला अविवाहित राहावं लागे. लग्न केलं की फेलोशिप गेली. लॉरेन्सने ती १६३३ मध्ये सोडली आणि पर्ली घेतलं. जॉनचा जन्म साधारण त्याच सुमाराचा मानतात. पुढेमागे कुणाला हे लग्न सापडलंच, तर पर्लीला ते असायचा संभव कमी. मी असतो तर त्याआधीची दोन वर्षं धरून, ट्रिंग आणि स्प्रॅटन सोडून, ऑक्सफर्डपासून जरा लांबच्या पण एका दिवसात घोड्यावर गाठता येतील अशा गावांच्या वह्या आधी काढल्या असत्या.